आजीचं काळं मशीन पुन्हा चालू करतेय, चाक फिरतं पण सुई हलत नाही

कपाटामागची

नमस्कार मंडळी, थोडी मदत हवीय. आजीचं हातमशीन गेली वीसेक वर्षं कपाटामागे लाकडी झाकणाखाली पडून होतं, मागच्या रविवारी खोली आवरताना ते बाहेर आलं आणि झाकण उचललं तर खाली काळं कुळकुळीत मशीन, सोनेरी वेलबुट्टी जवळपास जशीच्या तशी, फक्त बोट फिरवलं की पिवळट चिकट काहीतरी बोटाला लागतंय. सिंगर आहे. सुरुवातीला मूठ हलतच नव्हती, अगदी वेल्डिंग केल्यासारखी घट्ट. यूट्यूबवर बघून चाकाच्या मधलं ते गोल बटण सोडवलं, आतली चकती काढली, पुसली, परत लावली, सगळीकडे तेल सोडलं. आता मूठ फिरते, चाकही फिरतं, पण सुई ढिम्म हलत नाही!! मोडलं का मी?

आईचं म्हणणं असं की पूर्वी एका मेकॅनिकला दाखवलं होतं, त्याने "याचे पार्ट मिळत नाहीत, मीच भंगारात घेऊन जातो" असं सांगितलं होतं. आजीने दिलं नाही म्हणून आहे. मला शिवणातलं फार येत नाही, शाळेत रुमालाला टीप मारली होती तेवढंच.

तेलकट_बोटं

मोडलं नाही. घाबरू नका.

ती जी चकती काढलीत ना, तिला बाहेरून तीन कान असतात आणि आतल्या बाजूला दोन छोट्या जिभा. ती दोन प्रकारे बसते आणि दोन्ही वेळा "बसली" असंच वाटतं. एका प्रकारे बसली तर बटण आवळल्यावर चाक दांड्याला पकडतं आणि सुई चालते. अर्धा फेरा फिरवून बसली तर बटणातला तो बारीक स्क्रू चुकीच्या ठिकाणी कानाला अडतो, मग बटण पूर्ण आवळलंच जात नाही आणि चाक नुसतं मोकळं फिरतं. तर बटणावरचा बारीक स्क्रू थोडा सैल करा, बटण काढा, चकती अर्धा फेरा फिरवून बसवा, जिभांची टोकं बाहेरच्या बाजूला म्हणजे तुमच्याकडे आली पाहिजेत. बटण आवळा, स्क्रू लावा. पाच मिनिटांचं काम आहे. हे केल्याशिवाय बाकी कशाला हात लावू नका.

आणि त्या मेकॅनिकबद्दल काय बोलायचं. पार्ट मिळत नाहीत म्हणणाऱ्याला मशीन का हवं होतं हा प्रश्न आजीला पडला होता असं दिसतंय :)

कपाटामागची

काका चाललं!!! खरंच अर्धा फेरा! सुई वर-खाली होतेय, खालचे दाते पण पुढे-मागे होतायत. मी दोन दिवस रडवेली होऊन बसले होते आणि उत्तर एका चकतीत होतं.

पण अजून जड आहे. एका ठिकाणी येऊन अडकल्यासारखं होतं, मग सुटतं.

तेलकट_बोटं

प्रत्येक फेऱ्यात त्याच ठिकाणी अडकतं का कुठेही? त्याच ठिकाणी असेल तर दोरा किंवा कचरा अडकलाय. सगळीकडेच जड असेल तर जुनं तेल वाळलंय. ते पिवळट चिकट दिसलं ना, ते तेलच, वाळून वार्निशासारखं झालेलं. त्यावर नुसतं नवीन तेल ओतून फार उपयोग होत नाही, थर आधी विरघळायला लागतो.

मी काय करतो ते सांगतो. आधी सुईची पट्टी (दात्यांवरची चकचकीत पट्टी) दोन स्क्रू काढून उचला, खाली काय निघतं बघा. मग मशीन मागे कलंडवून खालच्या बाजूने जिथे जिथे धातूवर धातू फिरतो तिथे एकेक थेंब रॉकेल, दहा-पंधरा मिनिटं थांबा, हळूहळू चाक फिरवा, काळपट पाणी निघेल ते पुसा, परत रॉकेल, परत पुसा. दोन-तीन वेळा. फारच घट्ट असेल तर केस वाळवायच्या ड्रायरने थोडं गरम करा, वाळलेलं तेल मऊ पडतं. पण एका वेळी एकच, रॉकेल लावलेल्या जागेवर ड्रायर नको, उगाच भडका उडवाल. खिडक्या उघड्या ठेवा. शेवटी शिलाई मशीनचं तेल, ते पाण्यासारखं पातळ असतं. खाण्याचं तेल चुकूनही नाही, आज तुम्ही जे खरवडताय ते बहुतेक वेळा कोणाच्या तरी तसल्याच हुशारीतून आलेलं असतं.

जोर लावून चाक फिरवायचं नाही. जोर हा शेवटचा उपाय पण नाही, तो उपायच नाही.

सोनेरी_वेल

एक महत्त्वाचं सांगायचं राहिलं, काळ्या भागावर स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेलं काहीही लावू नका!! त्या सोनेरी नक्षीवर शेलॅकचा (लाखेच्या वार्निशाचा) थर असतो आणि शेलॅक अल्कोहोलमध्ये विरघळतो. मी हातावरच्या सॅनिटायझरने पुसलं होतं, दोन मिनिटांत कापसावर सोनेरी रंग आणि मशीनवर पांढुरका ढग. अजून बघवत नाही तिकडे. आता मी फक्त शिलाईचंच तेल मऊ कापडावर घेऊन पुसते, आधी मागच्या बाजूला कोपऱ्यात करून बघते मगच पुढे.

नवीन_बटणं

कुणी रागावू नका पण विचारतो. एवढी सगळी उठाठेव कशासाठी? माझ्याकडे कॉम्प्युटरवालं मशीन आहे, शंभर टाके, काज आपोआप, दोरा पण स्वतः ओवतं. जुनं मशीन शोभेला ठेवा की छान.

तेलकट_बोटं

रागवायचं काय त्यात, बरोबर विचारलंत. कपाटामागची यांच्या मशीनला एकच टाका येतो, सरळ. झिगझॅग नाही. टी-शर्टसारखं ताणणारं कापड सरळ टिपेने शिवलं की ओढल्यावर टीप तुटते, तिथे तुमचंच मशीन पाहिजे. काजासाठी जुन्या मशीनला एक जोडणी मिळते, ती सुई न हलवता कापडच डावीकडे-उजवीकडे सरकवते, काज सुंदर होतं पण बसवायला वेळ लागतो. पण सरळ टीप म्हणाल तर या मशीनची टीप बघा आणि मग बोला.

आणि एक, तुमचं बिघडलं की आतला बोर्ड बदलावा लागतो, हिचं बिघडलं की आतलं दिसतं. काय कशाला ढकलतंय ते डोळ्यांनी बघता येतं. मला तेवढं पुरतं.

जुनी_जीन्स

+१. पण ते "जुनं मशीन चामडं पण शिवतं, लाकूड पण शिवतं" हे जे विकणारे लिहितात ना ते वाचून मी फसलोय. जीन्सच्या चार थरांपर्यंत माझं मस्त चाललं, मग उत्साहात बॅगेचा जाड पट्टा घातला सुईखाली, टक्क आवाज आला, सुई वाकली, आणि त्यानंतर टाके सुटायला लागले. सुईचं आणि हुकाचं जमेनासं झालं होतं. घरगुती मशीन ते घरगुतीच, अंगाने लोखंड असलं म्हणून कारखान्यातलं होत नाही.

तेलकट_बोटं

अगदी. टायमिंग गेलं तुमचं. सुई सगळ्यात खाली जाऊन जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर वर आली की नेमक्या त्या क्षणी हुकाचं टोक सुईच्या मागून जायला हवं, तिथे दोऱ्याचा छोटासा फुगा झालेला असतो तो हुक उचलतो. सुईदांडी जोराने जराशी वर सरकली की फुगा चुकतो. झालं, टाका सुटला.

कपाटामागची

मंडळी पट्टी उघडली. फोटो टाकायची हिंमत नाही. दात्यांच्या मधे करड्या रंगाचं नमद्यासारखं काहीतरी होतं, मला वाटलं मशीनचाच पार्ट आहे, गादी असावी म्हणून. पिनने उचकटलं तर दात्यांच्या आकाराची वडी निघाली, त्यात निळे, लाल, पांढरे धागे दाबून दाबून बसलेले. निळा दोरा ओळखला मी. आजी आमच्या शाळेच्या फ्रॉकला तो वापरायची. वडी टाकवेना, डबीत ठेवलीय.

रॉकेल तीनदा झालं. मूठ आता एका बोटाने फिरते.

लाल_फेल्ट

हाहा सेम टू सेम, फक्त माझं उलटं झालं. माझं सिंगरचं ६६ नंबरचं मॉडेल आहे, वरून बॉबिन टाकायचं. मी पण असाच कचरा उपसत होतो, तिथे एक लाल फेल्टचा तुकडा दिसला, कचरा समजून उपटून फेकला. नंतर कळलं तो खराखुरा पार्ट होता, तेल धरून ठेवायला असतो. तेव्हा नियम असा की करडं असेल तर कचरा आणि लाल असेल तर आधी विचारा :D

पेटंटवाला

कपाटामागची, मशीनच्या बुडाशी उजवीकडे नंबर असेल, सुरुवातीला कोणती अक्षरं आहेत? त्यावरून वय काढता येतं.

कपाटामागची

ई आणि एफ, मग सहा आकडे. ताणाचं बटण डाव्या टोकाच्या पत्र्यावर आहे, बॉबिन गोल आहे आणि डावीकडून एका डबीत घालून आत बसतं.

पेटंटवाला

मग सिंगरच्या १५ नंबरच्या मॉडेलच्या घराण्यातलं आहे. ई ने सुरू होणारी दोन अक्षरं म्हणजे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातलं. नुसते आकडे असतील तर १९०० च्या आधीचं, एक अक्षर असेल तर १९०० नंतरचं, आणि क्लाइडबँकची दोन अक्षरं साधारण १९३५ पासून पुढे. त्यामुळे लोक "शंभर-दीडशे वर्षं जुनं" म्हणून जे विकतात त्यातली बरीच याहून तरुण निघतात. तो कारखाना १९८० ला बंद झाला, पण तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव अजून सिंगरच आहे.

१५ चं एक चांगलं की दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये या नमुन्याच्या बेसुमार नकला झाल्या, त्यामुळे सुया, बॉबिनं, बॉबिनची डबी सगळं आजही बनतं. पार्ट मिळत नाहीत हे त्या मेकॅनिकने १५ बद्दल सांगितलं असेल तर कमाल आहे.

कपाटामागची

कमालच. आईला वाचून दाखवलं, ती पाच मिनिटं काही बोललीच नाही.

फोन_आला_होता

वयाचा विषय निघालाच आहे तर, मला मागे एकाचा फोन आला होता, "तुमच्या सिंगरच्या सुईजवळ मोबाईल धरा, रेंज गेली तर सांगा, आम्ही वाट्टेल ते देऊ". हे काय प्रकरण आहे कोणाला माहितीय?

पेटंटवाला

लाल पारा. २००९ मध्ये सौदी अरेबियात अफवा पसरली होती की जुन्या सिंगर मशीनमध्ये "लाल पारा" नावाचा अनमोल पदार्थ असतो आणि मोबाईल जवळ नेला की लाईन कट होते हीच त्याची खूण. लोकांनी वेड्यासारखे पैसे मोजून मशीनं घेतली. तसलं काहीही नसतं त्यात. लोखंड, पोलाद आणि वाळलेलं तेल.

सोनेरी_वेल

पेटंटवाला, तो सिंगरने बायकोसाठी मशीन बनवल्याचा किस्सा खरा का? गांधीजींनी सांगितला होता म्हणतात.

पेटंटवाला

गांधीजींनी सांगितला होता हे खरं. १९२४ मध्ये यंत्रांविषयी बोलताना त्यांनी सिंगरच्या शिलाई मशीनला अपवाद ठरवलं होतं, बायको हाताने टाके घालून दमते हे बघून नवऱ्याने प्रेमापोटी यंत्र काढलं म्हणून. किस्सा मात्र गोड असला तरी माणूस तसा नव्हता. आयझॅक सिंगर नट होता, यांत्रिक कामातला होता, १८५० मध्ये बॉस्टनच्या एका कार्यशाळेत दुसऱ्याच कोणाचं तरी नीट न चालणारं मशीन बघितलं आणि ते सुधारलं, १८५१ ला पेटंट घेतलं. त्याला वेगवेगळ्या बायकांपासून वीसपेक्षा जास्त मुलं होती. त्यातल्या कोणत्या बायकोचे हात दुखत होते देव जाणे.

टोकाला भोक असलेली सुई आणि खालून दुसरा दोरा, या लॉकस्टिचचं पेटंट त्याच्याही आधी १८४६ ला एलियास हाऊने घेतलेलं. आणि कापड आपोआप पुढे सरकवणारे ते चार चालींचे दाते (वर या, मागे ढकला, खाली जा, परत पुढे या) अॅलन विल्सनचे. कोणाकडेच सगळं नव्हतं म्हणून सगळे एकमेकांवर खटले भरत बसले, शेवटी १८५६ ला मोठ्या कंपन्यांनी पेटंटं एकत्र टाकली आणि वाटून घेतली. त्याही आधी फ्रान्समध्ये तिमोनिए नावाच्या शिंप्याने १८३० ला साखळी टाक्याचं मशीन केलं होतं, तर बाकीच्या शिंप्यांनी पोटावर पाय येतो म्हणून जाऊन मशीनं फोडली.

नवीन_बटणं

हे शेवटचं आवडलं. म्हणजे नवीन मशीनला नावं ठेवायची परंपरा पण जुनीच.

तेलकट_बोटं

😄 ही फेरी तुमची.

बोटीवाली

मधेच घुसतेय, माफ करा. माझ्याकडे पण काळं सिंगर आहे पण त्यात गोल बॉबिन नाहीये, छोट्या बोटीसारखी पोलादी वस्तू आहे आणि तिच्या आत लांब बारीक दांडी, दोन टोकांना चकत्या. पुढच्या दोन सरकत्या पट्ट्या बाजूला केल्या की ती बोट पाळण्यासारखी झुलताना दिसते. हे कुठलं? दांडीचे दोरे भरताना फार भरते बहुतेक, आत जातच नाही.

पेटंटवाला

मॉडेल २७ किंवा २८, किंवा त्यांचीच पुढची १२७, १२८. २८ म्हणजे २७ चीच पाऊण आकाराची बहीण. नशीबवान आहात, टाका कसा पडतो हे बघायला यापेक्षा चांगलं मशीन नाही. पट्ट्या उघड्या ठेवून अगदी हळू मूठ फिरवा. सुई खाली जाते, परत किंचित वर येताना दोरा मागे फुगतो, त्या फुग्यातून बोट टोक पुढे करून आरपार निघून जाते आणि जाताना पोटातला दोरा सोडत जाते. मग वरचा दांडा फुगा ओढून घेतो आणि दोन दोऱ्यांची गाठ कापडाच्या मधोमध बसते. एकदा बघितलंत की पुढे काहीही बिघडलं तरी कुठे बघायचं ते कळतं.

तेलकट_बोटं

आणि दांडी चकत्यांच्या काठापर्यंत भरू नका, थोडी कमी ठेवा. फुगीर झाली तर बोटीच्या पोटात घासते आणि खालचा ताण दर वीतभरानंतर बदलतो. मग माणूस वरचं बटण पिळत बसतो.

कपाटामागची

शिवायला घेतलं आज! आणि वाट लागली. वरून टीप बरी दिसते, खालून बघितलं तर दोऱ्याचं घरटं. चिमणी अंडी घालेल इतकं मोठं. खालच्या डबीचा स्क्रू आवळला तरी तेच, अजून आवळला तरी तेच. आता डबीतून दोरा येतच नाहीये.

तेलकट_बोटं

ही चूक सगळे करतात, मी पण केलीय. घरटं खाली दिसतं म्हणून खालचा दोष वाटतो, पण खाली गुंता म्हणजे बहुतेक वेळा वरचा दोरा ढिला. तुमचा वरचा दोरा ताणाच्या दोन चकत्यांच्या मधे बसलेलाच नाहीये असं माझं मत आहे. दोरा ओवताना फूट (कापड दाबून धरणारा पाय) वर होतं का खाली?

कपाटामागची

खाली. का, फरक पडतो?

तेलकट_बोटं

सगळा फरक तिथेच. फूट वर उचललं की ताणाच्या चकत्या सैल होतात आणि दोरा मधे सरकतो. फूट खाली असताना चकत्या घट्ट मिटलेल्या असतात, दोरा वरच तरंगत राहतो. फूट वर करून सगळा दोरा काढा आणि पहिल्यापासून ओवा, वर-खाली होणाऱ्या दांड्याच्या भोकातून न विसरता. मग फूट वर ठेवून दोरा ओढा, सहज आला पाहिजे. फूट खाली करून ओढा, आता अडला पाहिजे, सुई वाकेल इतका. हा फरक जाणवला तर ताण आहे.

खालची डबी: दोरा धरून डबी हवेत लोंबकळवा. आपोआप खाली घसरत गेली तर सैल, अजिबात हलली नाही तर घट्ट. हाताला एक हलका झटका दिल्यावर दोन बोटं खाली येऊन थांबली पाहिजे. स्क्रू पाव फेऱ्याहून जास्त कधीच फिरवायचा नाही, आणि तो निसटला तर सापडत नाही, म्हणून खाली पांढरं कापड अंथरा.

कपाटामागची

निसटला होता. गालिच्यात. दीड तास.

लाल_फेल्ट

चुंबक!! चुंबक फिरवायचा ना.

कपाटामागची

आता सांगता :(

बरं, फूट वर करून ओवलं, घरटं गेलं!! पण आता मधेच टाके सुटतायत, चार पडले की एक गाळतं. सुई नवीन घातलीय आजच.

जुनी_जीन्स

सुई उलटी.

तेलकट_बोटं

सुई उलटी, मी पण हेच म्हणणार होतो. सुईच्या वरच्या जाड भागाला एक बाजू चपटी असते आणि पात्यावर एका बाजूने लांब खाच असते. नव्या मशीनवर चपटी बाजू मागे ठेवायची सवय असते सगळ्यांना, जुन्या मशीनवर ती डावीकडे किंवा उजवीकडे असू शकते, मशीनप्रमाणे. पाठ करू नका, एक बघा: दोरा सुईत शिरण्याआधी ज्या शेवटच्या कडीतून येतो ती कडी कोणत्या बाजूला आहे? लांब खाच त्या बाजूला, दोरा त्या बाजूनेच ओवायचा. चपटी बाजू त्याच्या विरुद्ध, हुकाकडे. आणि सुई पूर्ण वर टेकेपर्यंत ढकलून मगच स्क्रू आवळा.

तुमच्या १५ ला आजची साधी घरगुती सुई चालते, पाकिटावर १५×१ किंवा १३०/७०५ लिहिलेलं असतं. सुती कापडाला ८०/१२ किंवा ९०/१४ घ्या. ९० म्हणजे पातं ०.९० मिलिमीटर जाड, दुसरा जुना आकडा.

बोटीवाली

बॉबिनं पण एकमेकांची चालत नाहीत ना? दुकानदार म्हणाला सगळी सारखीच.

लाल_फेल्ट

नाही हो. १५ चं बॉबिन दोन्ही बाजूंनी सपाट, माझ्या ६६ चं किंचित फुगीर. शेजारी ठेवल्यावर कळतं, वेगवेगळी बघितली तर सारखीच वाटतात. चुकीचं घातलं तर चालतं थोडं, म्हणूनच जास्त त्रास, वाटतं मशीन खराब आहे.

कपाटामागची

मंडळी. उशीचा अभ्रा. चारही बाजू. वरून पण छान, खालून पण छान, सरळ रेघ काढल्यासारखी टीप.

खरं सांगू का, सगळ्यात अवघड एका हाताने मूठ फिरवून दुसऱ्या एकाच हाताने कापड सांभाळणं. पहिल्या दिवशी टीप नागमोडी जात होती कारण मी कापड ओढत होते, दाते ओढतात त्यांना ओढू द्यायचं हे कळायला वेळ लागला. आणि मूठ आपल्यापासून लांब फिरवायची तर चाक आपल्याकडे येतं, मधे गिअर असल्यामुळे, हे बघून पहिल्यांदा मला वाटलं मी उलटंच फिरवतेय. उलटं फिरवलं की लगेच दोरा अडकतो, तेही करून बघितलं.

कोपऱ्यात मात्र मजा आली. सुई कापडात खाली ठेवायची, फूट उचलायचं, कापड वळवायचं, फूट खाली, परत मूठ. मोटर नसल्यामुळे अगदी एक टाका हवा तर एकच टाका. नवीन_बटणं, तुमच्या मशीनला हे जमतं का? :P

नवीन_बटणं

बटण आहे त्याला. सुई खाली थांबायचं बटण 😎

पण मी आज आमच्या काकूंकडे जाऊन त्यांचं पायमशीन बघून आलो हे इथे कबूल करतो. पट्टा तुटलाय. आणि काका म्हणतायत मशीन काढून स्टँडचं टेबल करू.

सोनेरी_वेल

नकोऽऽ! टेबलासाठी स्टँड सगळेच नेतात आणि मशीनचं डोकं भंगारात जातं. फक्त पट्टाच तुटलाय ना?

तेलकट_बोटं

माझं मत थोडं वेगळं आहे. डोकं गंजून गेलं असेल तर टेबल करा, लोखंडी पाय वाया घालवण्यात काय अर्थ. पण नुसता पट्टा तुटला म्हणून टेबल हे म्हणजे चप्पल तुटली म्हणून पाय कापण्यासारखं. चामड्याचा गोल पट्टा येतो, साधारण पाच मिलिमीटर जाडीचा, दोन टोकांना भोकं पाडून तारेच्या चिमट्याने जोडायचा. थोडा आखूड कापा, चामडं नंतर सैल पडतं, लांब ठेवलात तर आठवड्याभरात घसरायला लागतो. आणि बॉबिन भरायच्या चाकाचं रबर पण बघा, कडक होऊन तडकलेलं असतं, तेही वेगळं मिळतं.

जर मोटर मागून बसवलेली असेल तर मात्र प्लगला हात लावण्याआधी वायर बघा. जुन्या वायरीवरचं रबर वाळून खपल्यासारखं गळतं, आतली तार उघडी पडते. त्यात रॉकेल-तेल काहीही सोडायचं नाही, आधी वायर बदलून घ्या, जमत नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून.

नवीन_बटणं

मोटर नाही, नुसतं पायाचं. पाय मारून बघितला, चाक कधी इकडे कधी तिकडे जातं.

जुनी_जीन्स

सुरुवातीला सगळ्यांचंच जातं. पट्टा लावायच्या आधी नुसता पाय चालवायची प्रॅक्टिस करा, मशीनला न जोडता. मग पट्टा लावल्यावर पहिला ढकला हाताने चाकाला द्या आपल्या बाजूला, पाय मागून येतो. दोन दिवस लागतात, मग गप्पा मारत चालवाल.

कपाटामागची

अजून एक शेवटचं. मागे शिवायची कळ नाहीये माझ्याला, शिवण संपल्यावर टोक उसवू नये म्हणून काय करता तुम्ही?

तेलकट_बोटं

सुई खाली ठेवून फूट उचला, कापड पूर्ण उलटं फिरवा, त्याच टिपेवरून चार टाके परत. किंवा शेवटच्या सेंटिमीटरला टाका अगदी बारीक करा, तो उसवत नाही. किंवा दोन्ही दोरे खाली ओढून हाताने गाठ, आजी बहुधा हेच करत असणार.

कपाटामागची

आजीच्या जुन्या फ्रॉकची शिवण उलटून बघितली आत्ता. गाठ आहे. दोरे चांगले दोन बोटं लांब सोडलेत गाठीच्या पुढे, कापलेच नाहीत.

बोटीवाली

माझी बोट चालली!! दांडी कमी भरली आणि झालं. पण सुईचं पाकीट जुनं आहे, त्यावर वेगळाच आकडा आहे आणि सुईचा वरचा भाग पूर्ण गोल आहे, चपटी बाजूच नाही. ही घालू का?

तेलकट_बोटं

थांबा, घालू नका. मशीनमध्ये आधीची सुई आहे ना ती काढा, दोन्ही शेजारी ठेवून फोटो टाका.